सपनातला घोट

कोसंबटोलीत मासे वाटायचे असले की वाटणीला माळकरी माणूस बसवतात. तो खात नाही, म्हणून टोपलीतली मरळ त्याच्या पिशवीत उडी मारणार नाही, असा गावाचा हिशेब. हा हिशेब आजवर कधी चुकलेला नाही. त्याच हिशेबाने यंदा बचतगटाच्या बायांनी मोहफुलांची राखण इस्तारीकडे दिली. गावात दारू न पिणारे पुरुष मोजायला एका हाताची बोटं पुरतात आणि त्यांतही अंगठा वर राहतो. त्या मोजक्यांत इस्तारी सगळ्यात नवा, म्हणून सगळ्यात चमकदार. श्रावणात सोडली होती, फाल्गुन सरत आला तरी सोडलेलीच होती. बायांना वाटलं, आपण राखण कसली देतो, माणसाचा सत्कारच करतोय.

इस्तारीलाही तसंच वाटलं. समाजमंदिराची किल्ली त्याने करदोड्याला बांधली, तेव्हा त्याची छाती फुगलेली सगळ्यांनी पाहिली.

गोकुळेची, म्हणजे त्याच्या बायकोची, छाती फुगली नाही, पण तिने विरोधही केला नाही. मागच्या पावसाळ्यात ती पोरीला घेऊन माहेरी निघून गेली होती. इस्तारी तिला आणायला गेला तेव्हा तिने दारातूनच सांगितलं होतं, "तलावाची शपथ घ्या, मंग येतो. अन् शपथेनंतर एक घोट जरी पोटात गेला, तं मी गेली समजा. मंग कोणाले पाठवू नोका."

तलावाची शपथ म्हणजे मासेमारी करणाऱ्या ढिवरांची शेवटची शपथ. खांद्यावर जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत बोलायचं. जो मोडेल त्याने पुन्हा या तलावात जाळं टाकायचं नाही. कारण अशा माणसाच्या जाळ्याला भिऊन मासा तळाशी जातो आणि मग साऱ्यांच्याच टोपल्या रिकाम्या राहतात, असं जुने लोक सांगतात. इस्तारीने शपथ घेतली. गोकुळा आली. म्हणजे एका घोटाला बायको, पोर आणि तलाव असं तिन्ही टांगलेलं होतं, आणि हे सगळं गाव जाणून होतं.

तरीही त्याला मोहाच्या ढिगाजवळ बसवलं. विचार केला तर नवल वाटतं, पण विचार केला कोणी?

समाजमंदिरात तेव्हा अर्ध्या भिंतीपर्यंत मोहफूल रचलेलं होतं. मोहाचं फूल झाडावरून पडतं तेव्हा पिवळसर, रसाळ, लहान मुलाच्या गालासारखं असतं. वाळलं की मनुक्यासारखं तांबडं होतं, आणि मग त्याचा वास बदलतो. तो नाकात शिरत नाही, अंगावर बसतो. दुपारी पत्रा तापला की ढीग आतून ऊब सोडायचा, आणि सगळी खोली एखाद्या झोपलेल्या जनावरासारखी श्वास घ्यायला लागायची. गांधीलमाश्या खिडकीशी गुणगुणत राहायच्या. बाहेर पानगळीचं रान, एकेक पान जमिनीला टेकल्याचा आवाज यावा इतकं शांत. इस्तारी दाराशी पोत्यावर बसून जाळं विणायचा. सुई आत, सुई बाहेर. मग सुई थांबायची.

अशाच एका दुपारी त्याला सपन पडलं.

तो तलावात उतरला होता. पाणी होतं, पण पाण्याचा रंग मधासारखा. तळाशी मासे उभे होते, झाडं उभी असावीत तसे, आणि सगळे तोंड उघडून वर पाहत होते. कोणी काही म्हणत नव्हतं. गोकुळा तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून तांदूळ निवडत होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती, लग्नाच्या वर्षी हसायची तशी. त्याने ओंजळ भरली. प्याला. घशातून एक कोमट दिवा खाली उतरत गेला, आणि जिथे जिथे गेला तिथलं सगळं दुखणं विझत गेलं. त्याने दुसरी ओंजळ भरली, तिसरी भरली. तलाव कमी होईना. इतकं सुख त्याला जागेपणी आठ महिन्यांत झालं नव्हतं.

जाग आली तेव्हा तोंड गोड होतं. मिशी ओली होती. छाती धडधडत होती, आणि डोकं जड.

आता प्यालेला माणूस उठतो तो असाच उठतो. इस्तारीला ते पुरतं ठाऊक होतं. त्याने पोतं उचलून पाहिलं, ढिगामागे पाहिलं, आपलाच श्वास ओंजळीत धरून हुंगला. मोहाचा वास आला. पण मोहाचा वास त्याच्या सदऱ्यालाही येत होता, जाळ्यालाही, करदोड्यातल्या किल्लीलाही.

तो सरळ झिंगूकडे गेला. झिंगूची भट्टी नाल्यापलीकडे. दारूबंदी आली तेव्हा ती झुडपाआड लपून बसली, बंदी उठली तेव्हा झुडपाबाहेर येऊन बसली, बंद मात्र एक दिवस झाली नाही.

"झिंगू, खरं सांग गा. मी आता इथी आलतो काय?"

झिंगू हा माणूस खरं बोलायची संधी मिळाली की आधी चेष्टा करून घेतो. "आलता ना! दोन गिलास मारले, मायावाल्या बायकोले आत्याबाई म्हणून पाया पडला, अन् गेला. काऊन, घरी पोचला नाई काय?"

इस्तारी खाली बसला. तोंडावरचं रक्त उतरलेलं पाहून झिंगूला घाम फुटला.

"अबे मजाक केली बे! तू कायचा आला? आठ महिन्यांत तुयी सावली नाई पडली इथी. उठ, पाणी पी. पाणीच आहे, वास घेऊन पाय."

पण एकदा शंका शिरली की शिरली. झिंगू आधी खोटं बोलला की नंतर? माणूस झोपेत चालतो, झोपेत बोलतो, मग झोपेत पिणार नाही कशावरून?

संध्याकाळी त्याने गोकुळेला सांगितलं. न सांगून चाललं असतं, असं आम्हा शहाण्यांचं मत. पण त्याने सांगितलं. ती भाकर थापत होती. तिने हात थांबवला, उठली, त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग हातांजवळ. मग सदऱ्याजवळ. नवऱ्याचा वास ओळखण्यात तिने उमर घातली होती. कुठून पिऊन आला, किती पिऊन आला, कोणाच्या हातची पिऊन आला, हे ती अंधारात सांगायची. आज तिला काहीच कळेना. सगळीकडून एकच वास येत होता.

"पेले नसान," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाई ना पेले?"

"तेच तं मले माहीत नाई, गोकुळे."

तवा तापून धूर निघायला लागला तरी भाकर हातातच होती.

प्रकरण दुसऱ्या दिवशी मुखरूबापुढे गेलं. मुखरूबा म्हणजे तलावाच्या मासेमारी मंडळाचा म्होरक्या. त्याचा शब्द पाण्यावर चालतो, जमिनीवर कोणी फारसं विचारत नाही. पाळीवर आंब्याखाली मंडळी बसली. सपनात पेला तो पेला की नाही, हा प्रश्न कोसंबटोलीत याआधी कोणाला पडला नव्हता, त्यामुळे ज्याला त्याला मत होतं.

"सपनात शपथ घेतली होती काय त्यानं? जागेपनी घेतली. मंग सपनातली दारू शपथीत येत नाई," एकजण म्हणाला.

"वा रे वा. उद्या सपनात मी तुयी गाय सोडली तं?"

"सोड ना. सपनातलीच सोडजो."

झिंगू मागून म्हणाला, "मले बी असं सपन लागावं बाप्पा. भट्टी नाई, पोलीस नाई, पेटवायचा तरास नाई." सगळे हसले. इस्तारी हसला नाही, म्हणून मग बाकीचेही थांबले.

मुखरूबाने बराच वेळ तंबाखू चोळली. "सपन कुठून येते? मनातून येते. म्हंजे याच्या मनात अजून आहे. मन पक्कं नाई." मग निवाडा सांगितला. परवा तलावावर सामायिक जाळं पडणार, त्या सकाळी इस्तारीने पुन्हा शपथ घ्यावी. आणि या वेळी साध्या पाण्यावर नाही. सामायिक जाळं टाकण्याआधी नव्या मोहाच्या पहिल्या धारेचं तीर्थ तलावाला दाखवून सगळ्यांना हातावर देतात. ते तीर्थ हातात धरून शपथ घ्यावी, मग प्राशन करावं. म्हणजे पक्की.

मोहाच्या दारूची ओंजळ हातात धरून दारू न पिण्याची शपथ घ्यायची आणि वर ती पिऊन टाकायची. यात काही वावगं आहे असं तिथे बसलेल्या एकाही डोक्यात आलं नाही. तीर्थ ते तीर्थ. उपासाला प्रसादाचा शिरा मोजतात काय? निवाडा सगळ्यांना पटला. इस्तारीलाही पटला. आणि तोवर राखण त्यानेच करावी, मन पक्कं व्हायला तेही बरं, असंही ठरलं.

गोकुळेला मात्र रात्रभर दिसत होतं की नवरा झोपायला भितोय. डोळा लागला की दचकून उठायचा, तोंडावर हात फिरवायचा. झुंजूमुंजू झाल्यावर ती म्हणाली, "चाला नागभीडले. दिव्यानीच्या गोळ्या संपल्या, तेवढ्यात नूतन मॅडमले बी भेटून घेऊ."

दिव्यानी त्यांची पोर, नववीतली. तिला सिकलसेल, रक्ताचा आजार. दर महिन्याला दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, आणि तिथे समुपदेशनाच्या खोलीत नूतन मॅडम बसतात. आधी फक्त सिकलसेलचं बघायच्या, आता दारूचं आणि तंबाखूच्या खर्ऱ्याचंही त्यांच्याच गळ्यात.

इस्तारीने सपन सांगितलं. मधासारखा तलाव, उभे मासे, सगळं. मॅडम हसल्या नाहीत, हे पाहून त्याला रडूच आलं.

"भाऊ, सोडलेल्या पुष्कळ लोकांना असं स्वप्न पडतं. प्यायलात असा त्याचा अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूत एक जागा असते. भूक लागली की जेव, तहान लागली की पाणी पी, हे सांगायचं तिचं काम. इतकी वर्षं दारू पिऊन पिऊन ती जागा बदलली. तिला आता दारू पाण्यासारखीच गरजेची वाटते. वास आला, ओळखीची जागा दिसली, की ती तहानेसारखी ओरडते. तुम्ही सोडली हे तिला लवकर समजत नाही. वेळ लागतो."

"मंग ते जागा कापून टाका ना मॅडम."

"कापली तर गोकुळाबाईंच्या हातचं जेवणही गोड लागणार नाही."

इस्तारीने बायकोकडे पाहिलं. "मंग राहू द्या," तो म्हणाला.

गोकुळेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. विचारायचं ते तिला आठ महिने नाही, पंधरा वर्षं विचारायचं होतं. "म्हंजे यायले आमची माया नोहती म्हणून पेत होते, असं नाई?"

"माया होती. आजारही होता."

"मंग यायचा काहीच दोष नाई?"

"आजार झाला हा दोष नाही. पण डॉक्टर देतील ती गोळी घेणं, वासापासून लांब राहणं, तलफ आली तर लपवायची नाही, लगेच सांगायचं, हे त्यांचं काम. ते दुसरं कोणी करणार नाही. तलफ लाटेसारखी येते. तेवढा वेळ कोणीतरी सोबत बसलं की उतरते." मग मॅडमनी विचारलं, "सध्या काम काय करता भाऊ?"

इस्तारीने अभिमानाने सांगितलं.

मॅडमच्या हातातला पेन तसाच राहिला. "मोहफुलांच्या ढिगाजवळ? कोणी बसवलं?" मग त्यांनी उद्याच्या शपथेचंही ऐकलं, तीर्थासकट, आणि गोकुळेकडे वळल्या. "गोकुळाबाई, थंड पाण्यात भिजली की दिव्यानीचे हातपाय दुखतात ना? मग तिला थंड पाण्यात उभं करून शपथ घालता का, की आता दुखू देऊ नकोस म्हणून?"

परतताना बसमध्ये गोकुळा बाहेर बघत होती. धानाच्या रिकाम्या बांध्या मागे जात होत्या, दूर कुठेतरी मोहाखाली पाला जाळल्याचा निळा धूर जमिनीलगत झोपलेला होता. गाव आलं तेव्हा तिने इस्तारीच्या करदोड्याची किल्ली सोडवली आणि गटाच्या अध्यक्षीणबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"हे काय व? मंग पेनाऱ्याच्या हाती देऊ काय मोह?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"तुमी सोता बसा. तुमाले कोणती तलप येते?"

अध्यक्षीणबाईंना ते लागलं. तीन घरांपर्यंत त्याची चर्चा गेली, आणि चौथ्या घरापर्यंत पोचेतो त्यात बरीच भर पडली.

जाळ्याची सकाळ उजाडली. तलाव उतरून मधल्या वाटीत आला होता. पाण्यावर धुकं आणि धूर यांचं एक पातळ लुगडं पसरलं होतं, आणि त्यातून माणसं कमरेपासून वर तेवढीच दिसत होती, जणू पाण्यातूनच उगवलेली. बोलणी ऐकू येत होती, पण बोलणारी तोंडं दिसत नव्हती. पाळीवर बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. रात्रीचा मोह अजून झाडावरून पडत होता, टप, टप, कोणी झोपेत बोटं मोजावीत तसा.

मुखरूबा पळसाच्या पानांचा मोठा द्रोण घेऊन पाण्यात उतरला. तलावाला धार दाखवली. मग इस्तारीपुढे आला.

"हात कर."

इस्तारीने उजवा तळवा पुढे केला. धार पडली. तळव्याच्या खोलगटात एवढीशी, बोर मावेल इतकी, पण तिला लागून उजेड आला तो त्याच्या डोळ्यांना सबंध तलावाएवढा दिसला. वास वर आला. खांद्यावरचं जाळं एकदम हलकं झालं. जिभेखाली पाणी सुटलं. त्याला वाटलं, हे सगळं आधी झालेलं आहे, आता गोकुळा पाळीवरून हसेल.

गोकुळा हसत नव्हती. ती उभी राहिली होती.

"बोल," मुखरूबा म्हणाला. "आजपासून थेंब घेनार नाई. बोल अन् प्राशन कर."

"मुखरूबा," इस्तारी म्हणाला, "मले हे लय पायजे आहे."

"घे मंग. तुयासाठीच तं आहे."

"तसं नाई. मले तलप आली. मी हे घेतलं का थांबत नाई. द्रोण बी पेईन, झिंगूची भट्टी बी पेईन. मले शपथ नाई घ्यायची. घेतली तरी मोडन. हा रोग आहे मायावाला, डोक्यातला. पोरीले रक्तातला आहे, मले डोक्यातला."

आठ महिन्यांच्या शिलकीचा माणूस सगळ्यांसमोर आपली शिल्लक ओतत होता. लाज वाटून दोघांनी दुसरीकडे पाहिलं.

"मंग टाकून दे!" कोणीतरी ओरडलं.

सांगणं सोपं. इस्तारीने हात उलटा करायचा प्रयत्न केला. हात उलटा होईना. बोटं आपोआप मिटून वाटी आणखी खोल करत होती, पाणी धरायला शिकलेली बोटं. तळवा हळूहळू तोंडाच्या दिशेने येऊ लागला आणि तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू दुसऱ्याचाच हात आहे.

गोकुळा पाण्यात उतरली. लुगडं फुगून तिच्याभोवती तरंगायला लागलं. तिने हिसकावलं नाही, ओरडली नाही. त्याच्या हाताखाली आपला हात धरला, जशी दिव्यानीला ताप आला की पाण्याचा पेला धरते, आणि म्हणाली, "चाला, खाली घेऊ."

दोन्ही हात मिळून खाली गेले. मनगटाला पाणी लागलं, मग बोटांना. तळव्यावरचा उजेड तलावात विरघळला.

"तीर्थ सांडलं!" मुखरूबा गरजला. "शपथ नाई, तीर्थ नाई. आता जाळ्याले हात नोको लावू!"

"सांडलं कुठी मुखरूबा?" झिंगू धुक्यातून बोलला. "तलावाचं होतं, तलावालेच देल्लं. आपन तं आपल्या पोटात टाकतो."

यावर वाद पेटला असता, तासभर पुरला असता. पण तेवढ्यात पूर्वेला फटफटीत झालं, आणि वाटीच्या मध्यभागी एक रोहू उसळून पडला, मग दुसरा. ऊन चढलं की मासा तळाशी जातो, त्याला निवाड्याची वाट पाहायची सवय नाही. मुखरूबाने एकदा माशांकडे पाहिलं, एकदा इस्तारीकडे. तत्त्व आणि रोहू यांत काय जड, ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

"होऊ द्या, होऊ द्या. धर रे इस्तारी तिकडचं टोक. मंग पाहू."

इस्तारीने टोकाकडे हात नेला. तलाव परत मिळत होता. पण द्रोण आता रांगेने पुढे चालला होता, हातातून हातात, आणि वास पाण्यावरून धुक्यासारखा पसरत होता. गोकुळेने त्याच्या मानेवरची शीर उडताना पाहिली.

"तुमी ओढा मुखरूबा," ती म्हणाली. "आमी चाल्लो."

"हिस्सा नाई भेटन मंग!"

"नोको."

ढिवराच्या बाईने सामायिक जाळ्याचा हिस्सा सोडावा, हे कोसंबटोलीत शपथ मोडण्यापेक्षाही मोठं आक्रीत. बायांच्या टोपल्या आपापल्या जागी थिजल्या. ती दोघं पाण्यातून वर आली आणि पाळीवरून चालायला लागली. मागे "हैय्या" ऐकू आलं, जाळं ओढल्याचं पाणी खळखळलं. इस्तारी दहा पावलं चालला आणि थांबला.

"गोकुळे, आता तलप जास्त झाली. पाय वापस फिरून राह्यले."

ती लगेच तिथेच बसली, ओल्या गवतावर, आणि त्याला सदऱ्याला धरून शेजारी बसवलं. तो थरथरत होता, थंडीने म्हणावं तर ऊन अंगावर आलं होतं. पूर्वी अशा वेळी तिच्यापाशी बोलायला खूप असायचं. धुकं एकेका झाडाला सोडत वर चाललं होतं. पलीकडून माशांची नावं ऐकू येत होती, मरळ, रोहू, पुन्हा मरळ, आणि दर नावाला तो किंचित मान हलवत होता.

"तुमी जाल का आता?" त्याने विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिला तुमी म्हणाला होता, आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

"कुठी जाऊ? पदर ओला आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "उतरली काय?"

त्याने डोळे मिटून आत चाचपून पाहिलं.

"अर्धी."

"मंग बसू अजून," गोकुळा म्हणाली आणि पदर पिळायला लागली.